रक्कम बरोबर, पण खातं कुणाचं?



मध्यंतरी आपल्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. "आता बोट टोचायला नको, नॅनोट्यूबचा सेन्सर आला, घामावरून शुगर कळणार." खाली भराभर अंगठे आणि जोडलेले हात. आमची नात याच विषयात पीएच.डी. करते हे वडोदऱ्यातल्या बऱ्याच मंडळींना ठाऊक आहे, त्यामुळे दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "काका, हे खरं का हो?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी बी.कॉम., नोकरी सगळी बँकेत. कलाभवनाच्या गावात जन्म गेला तरी रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण सौ.ला 22 वर्षं मधुमेह आहे, त्यातली शेवटची 9 वर्षं इन्सुलिनवर. तेव्हा आमच्या घरात या विषयाकडे निव्वळ कुतूहल म्हणून बघता येत नाही. मीटरवर जो आकडा येतो, त्यावर सुईतले युनिट ठरतात.

सुरुवात आपल्या घरातल्या पट्टीपासून करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आपण म्हणतो मीटर साखर मोजतं. खरं म्हणजे मीटर वीज मोजतं. पट्टीच्या टोकाला एक एन्झाइम सुकवून ठेवलेलं असतं, शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणत. बऱ्याच पट्ट्यांमध्ये ते ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं असतं आणि ते एका बुरशीपासून काढतात. हे एक प्रथिन आहे. रक्ताचा थेंब लागला की ते ग्लुकोजच्या कणाकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. हे इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या कार्बनच्या रेघेपर्यंत पोचले की अतिशय बारीक प्रवाह वाहतो. प्रवाह जास्त म्हणजे साखर जास्त. या हिशेबाने मीटर आपल्याला 140 किंवा 260 सांगतं. म्हणजे आकडा दिसतो साखरेचा, पण हातात आलेली असते ती वीज. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही युक्ती सुचली अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क यांना. त्यांनी 1956 मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जाहीर केला होता. 1962 मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलं की याच इलेक्ट्रोडच्या तोंडाशी पातळ पडद्याआड हे एन्झाइम ठेवलं, तर ते साखर खाताना ऑक्सिजन वापरेल, ऑक्सिजन घटला की प्रवाह घटेल, आणि त्या घटीवरून साखर कळेल. त्यावर आधारलेलं प्रयोगशाळेतलं यंत्र 1975 मध्ये बाजारात आलं. पुढे 1984 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या मंडळींनी ऑक्सिजनची गरजच काढून टाकली. त्यांनी फेरोसीन नावाचा लोखंडयुक्त पदार्थ मध्ये घातला. तो एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि इलेक्ट्रोडला नेऊन द्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर मधला अडत्या. 1987 मध्ये पेनाएवढं मीटर आलं ते याच तत्त्वावर. घरोघरच्या पट्ट्यांमध्ये आजही असा कुठला ना कुठला अडत्या असतोच.

आता नॅनोट्यूब कशाला हवी, तर तो अडत्या काढून टाकण्यासाठी.

नातीने मला हे दिवाळीत एका कागदावर काढून दाखवलं होतं. एन्झाइम म्हणजे गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखं. इलेक्ट्रॉनची देवघेव करणारा भाग त्या गोळ्याच्या आत खोल बसलेला असतो, त्याचं नाव एफएडी. इलेक्ट्रॉन उडी मारून जाऊ शकतो, पण उडी फारच छोटी. बाहेरच्या इलेक्ट्रोडपासून आतला एफएडी त्याच्या उडीबाहेर असतो. मग अशी एखादी तार मिळाली, की जी प्रथिनाच्या जवळपास त्याच मापाची आहे आणि आत त्या एफएडीच्या शेजारपर्यंत पोचेल, तर अडत्याशिवाय थेट व्यवहार होईल. 1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अशा नळ्यांचं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढे दोन वर्षांत एकेरी भिंतीच्या नळ्याही मिळाल्या. एकेरी नळीची जाडी साधारण एक-दोन नॅनोमीटर. माणसाचा केस 80,000 नॅनोमीटरच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. वीजही उत्तम नेते. त्यामुळे जगभरच्या लोकांनी या नळ्या आणि हे एन्झाइम एकत्र आणायचे प्रयोग सुरू केले.

हे करतात कसं, तेही सांगतो, कारण मला स्वतःला त्यात फार मजा वाटली. या नळ्या दिसायला निव्वळ काजळी. पाण्यात टाकल्या तर मिसळत नाहीत, एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. त्यांना पाण्यात ठेवायचं तर अंगावर काहीतरी चढवावं लागतं. प्रथिन इथे उपयोगी पडतं. त्याच्या काही भागांना पाणी आवडत नाही, ते नळीच्या भिंतीला चिकटतात. ज्यांना पाणी आवडतं ते बाहेर तोंड करून बसतात. साबण तेलकट डागाशी जे करतो, तसंच काहीसं. काही जण अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम वापरतात, काही रक्तातलं अल्ब्युमिन. नात थेट ग्लुकोज ऑक्सिडेजच चढवत होती.

एका छोट्या बाटलीत काजळी, एन्झाइम आणि पाणी घ्यायचं, बाटली बर्फात ठेवायची आणि आत कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीची सळई घालून ते मिश्रण हलवायचं. बर्फ अशासाठी की गरम झालं तर अंडं उकडल्यावर होतं तसं प्रथिन बिघडतं. मग जोरात फिरवून गुठळ्या तळाशी बसवायच्या आणि वरचं काळं पाणी अलगद काढून घ्यायचं. "आबा, अगदी तुमच्या दौतीतल्या शाईसारखं दिसतं," असं ती म्हणाली होती. मग कार्बनचा इलेक्ट्रोड आरशासारखा घासून त्यावर या शाईचा एक थेंब सुकवायचा. तो द्रावणात बुडवायचा, सोबत चांदीचा एक आणि प्लॅटिनमचा एक असे आणखी दोन इलेक्ट्रोड. नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन घालवायचा. मग व्होल्टेज हळूहळू वरखाली करत प्रवाहाचा आलेख काढायचा.

तिच्या आलेखावर दोन सुरेख उंचवटे आले. उणे 0.45 व्होल्टच्या आसपास, एक वर आणि एक खाली, जिथे एफएडीचे यायला हवेत अगदी तिथेच. अर्थ सरळ होता. तार आतपर्यंत पोचली, व्यवहार थेट झाला. पुढे उघड्या हवेत साखर घातली तर प्रवाहही साखरेच्या प्रमाणात बदलत होता. निबंधाचा मसुदा तयार झाला. घरी पेढे आले.

ते छापायला पाठवायच्या आधी तिच्या वाचनात 2018 मधला एक निबंध आला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचे बार्टलेट आणि त्यांचे एक सहकारी, यांनी लिहिलेला. शीर्षकातच त्यांनी म्हटलं होतं की ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कार्बन नॅनोट्यूब यांच्यात असा थेट व्यवहार होतो, या दाव्यांना आधार नाही. आणि असे दावे करणारे निबंध तोवर ढिगाने छापून आलेले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उंचवटे एफएडीचेच आहेत यात वाद नाही, पण तो एफएडी काम करणाऱ्या एन्झाइमच्या आतला नव्हे. तो सुटा झालेला आहे आणि नळीला जाऊन चिकटलेला आहे.

इथे मला माझा धंदा आठवला. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून हिशेब बरोबर, असं धरू नका. काही चुका त्यात दिसतच नाहीत. आम्ही हाताने लेजर लिहायचो त्या काळात सहामाही क्लोजिंगला रात्र रात्र जुळणी चालायची. फरक आला आणि त्याला 9 ने भाग गेला, तर कुणीतरी 540 च्या जागी 450 लिहिले असतील म्हणून आधी ते शोधायचं. पण फरक आला की निदान शोध तरी सुरू होतो. खरी भीती न येणाऱ्या फरकाची. आमच्या शाखेत एकदा आडनाव आणि आद्याक्षरं सारखीच असलेल्या दोन खातेदारांपैकी एकाचा भरणा दुसऱ्याच्या पानावर चढला होता. बेरीज बरोबर, कॅश बरोबर, जुळणी पैशाला पैसा. आमचे जुने हेडक्लार्क मात्र जुळणी झाल्यावरही व्हाउचर उलटून एकेका नोंदीवर खूण करायचे. त्यांनी ते काढलं. नाहीतर ज्याचे पैसे होते, त्याचा चेक परत गेला असता.

नातीनेही व्हाउचर काढली. बाजारातून नुसता एफएडी आणला, एन्झाइमशिवाय नळ्यांवर सुकवला. उंचवटे तिथेच आले. मग एन्झाइम आधी उकळून पुरतं मारलं आणि ते चढवलं. उंचवटे तरीही आले. मग ऑक्सिजन घालवलेल्या द्रावणात साखर घातली. व्यवहार थेट असता तर प्रवाह वाढायला हवा होता. काही झालं नाही.

मग उघड्या हवेत साखरेने प्रवाह कसा बदलत होता? एन्झाइम साखर खाताना आजूबाजूचा ऑक्सिजन संपवत होतं, आणि ऑक्सिजनचा प्रवाह तेवढा घटत होता. म्हणजे ही क्लार्क यांची 1962 ची युक्तीच होती, फक्त नव्या काजळीवर. एफएडीचे उंचवटे एका कारणाने येत होते, साखरेचा परिणाम दुसऱ्याच कारणाने. दोन्ही खरे होते, पण एकमेकांशी त्यांचा संबंध नव्हता.

तिचा फोन आला तेव्हा श्रावण चालू होता. आवाज अगदी बसलेला. "आबा, वीज खरी आहे. पण ती माझ्या एन्झाइमची नाहीये." दीड वर्षाचं काम होतं, शिष्यवृत्तीचे महिने मोजके राहिले होते. गाइडनी तिला सांगितलं होतं की तू पुन्हा तपासलंस हे चांगलं केलंस, आता त्याचं काय करायचं ते विचार करून ठरव. मसुदा तयार होता. पाठवला असता तर तसे कितीतरी छापून आलेले होते, त्यात आणखी एकाची भर. मी तिला एवढंच म्हणालो, "रक्कम बरोबर आहे बाळा, खातं चुकलंय. तू ते छापलंस तर पुढचा माणूस त्याच खात्यावर चेक फाडणार." ती काही बोलली नाही.

मग सौ.ने माझ्या हातून फोन घेतला.

तिने नातीला आमच्या घरचाच किस्सा सांगितला. मागच्या मे महिन्यात रस-पोळीचा बेत होता. सौ. केसर आंबे पिळून उठली, हात फडक्याला पुसले आणि जेवणाआधीची शुगर पाहिली तर 268. एवढ्या आकड्याला तिच्या डॉक्टरांनी जादा युनिट लिहून दिलेले आहेत. तिने सुई काढलीसुद्धा. पण तिला वाटलं, सकाळपासून काही वावगं खाल्लेलं नाही, तोंडही कोरडं नाही, मग एवढी कशी? उठून साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. 131. जादा युनिट घेतले असते तर दुपारी शुगर कुठे उतरली असती, याचा विचारही नको. मीटर खोटं बोललं नव्हतं. समोर आलेली साखर त्याने इमाने मोजली. ती रक्तातली की बोटावरच्या आंब्याची, हे त्याला कसं कळणार?

किस्सा सांगून सौ. तिला म्हणाली, "हे बघ, तुझं ते नळीबिळीचं मला कळत नाही. पण आकड्यावर माझी सुई ठरते गं. छान दिसतंय म्हणून पाठवू नकोस. आता तुझे हात धुऊन झालेत ना? मग पुन्हा मोज." पलीकडे नात रडता रडता हसली. मी इकडे चष्मा पुसत बसलो.

हा नुसता आजीचा हळवेपणा नाही. 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एक इशारा काढला होता. काही पट्ट्यांमध्ये एक वेगळं एन्झाइम वापरलेलं होतं, ते ग्लुकोजबरोबर माल्टोजसारख्या दुसऱ्या शर्करांनाही पकडायचं. किडनीच्या काही रुग्णांचं डायलिसिस पोटातून करतात. त्यासाठी वापरायच्या एका द्रावणातून शरीरात माल्टोज तयार होतो. अशा रुग्णाचं मीटर उंच आकडा दाखवायचं, त्यावरून इन्सुलिन दिलं जायचं, आणि खरी शुगर आधीच कमी असायची. 1997 ते 2009 या काळात अशा चुकीच्या वाचनाशी जोडलेल्या 13 मृत्यूंची नोंद एफडीएकडे झाली होती. तिथेही वीज खरी होती. फक्त ती दुसऱ्याच साखरेची होती.

नळ्यांच्या बाबतीत असा घोळ याआधीही सापडलेला आहे. या नळ्या वाढवताना लोखंडासारख्या धातूंचे कण वापरतात आणि धुतल्यावरही थोडे आत राहून जातात. हायड्रोजन पेरॉक्साइड मोजताना नॅनोट्यूब जी करामत दाखवते असं म्हणत होते, ती नळीची नसून आतल्या लोहाच्या ऑक्साइडची आहे, असं ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवून दिलं. शास्त्रज्ञांमध्येही आमच्या हेडक्लार्कसारखी माणसं असतात, हे वाचून मला बरं वाटलं.

याचा अर्थ नॅनोट्यूब कुचकामी, असा मुळीच घेऊ नका. थोड्या जागेत प्रचंड पृष्ठभाग मिळतो, एन्झाइम जास्त बसतं, प्रवाह ठळक मिळतो. हे फायदे खरे आहेत. नात आता त्याच नळ्यांवर काम करते, पण आधी दुसऱ्या दणकट प्रथिनाचं अस्तर घालून, एन्झाइम मागाहून सौम्यपणे बसवून, आणि मधला अडत्या परत कामावर घेऊन. उंचवटा कमी देखणा आहे. साखर घातली की प्रवाह वाढतो, एन्झाइम मारलं की वाढत नाही. पहिलं काम तिने टाकून दिलेलं नाही. प्रबंधात त्याचं एक पूर्ण प्रकरण आहे, काय वाटलं होतं आणि तपासल्यावर काय निघालं, असं सगळं आलेखांसकट. शिष्यवृत्ती संपल्यावर काही महिने घरून पैसे पाठवावे लागतील. ते आम्ही पाठवू.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. घामात साखर असते, पण रक्ताच्या मानाने फारच थोडी, आणि त्वचेवर आधीची काय काय चिकटलेली असते ती वेगळी. त्यामुळे घामाच्या आकड्यावर इन्सुलिन ठरवायचा विचार सध्या कुणी करू नका. दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात, ते चांगलं काम करतात, पण ते रक्तातली नव्हे तर पेशींच्या मधल्या द्रवातली साखर बघतात. म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. घरच्या मीटरलाही सूट असते. आयएसओच्या 2013 च्या नियमाप्रमाणे 100 च्या वर असताना 15 टक्के आणि 100 च्या खाली 15 अंक इकडेतिकडे चालतात, तेसुद्धा शंभरातल्या 95 वेळा. बँकेत आम्ही पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसायचो, म्हणून मला हे ऐकून घाम फुटला होता. पण नात म्हणते एवढं कळलं तरी औषध ठरवायला पुरतं, फक्त आकडा आणि अंगाची लक्षणं जुळत नसतील तर पुन्हा मोजायचं.

टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. तारीख गेलेली पट्टी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घरात कुणाचं पोटातून डायलिसिस चालू असेल तर कुठली पट्टी वापरायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि नव्या सेन्सरची बातमी आली की तीन प्रश्न विचारा: साखर नसताना यंत्र काय दाखवतं? एन्झाइम मारल्यावर काय दाखवतं? आणि हे खऱ्या रक्तात पाहिलंय की नुसत्या साखरेच्या पाण्यात?

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही आपल्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं अशा कामात असतील तर जरूर कळवा. नातीला बोलायला आवडेल. "जमलं नाही" असं सांगणारे प्रयोग छापून येत नाहीत, त्यामुळे तेच तेच सगळे पुन्हा करत बसतात, अशी तिची तक्रार आहे. निदान आपल्या घरांतली मुलं तरी एकमेकांना सांगतील.